‘अननोन सिम्बॉल’चा माग: कर्नल पुन्हा कंपाइल केल्यानंतरचे मॉड्यूल्सचे घोळ

प्रश्न असा आहे: सोर्सवरून लिनक्स कर्नल पुन्हा कंपाइल केला, मॉड्यूल्स (कर्नलला लागतील तेव्हा जोडले जाणारे तुकडे) इन्स्टॉल केली, मशीन रीबूट केलं. आता मॉडप्रोब (मॉड्यूल चढवणारी आज्ञा) काही मॉड्यूल्सना ‘नॉट फाउंड’ म्हणतो, तर काहींच्या बाबतीत ‘अननोन सिम्बॉल इन मॉड्यूल’ अशी तक्रार करतो. ‘डेपमॉड -ए’ दोनतीनदा चालवूनही काही फरक नाही.

डेपमॉडने फरक पडत नाही, यातच अर्धं उत्तर आहे. डेपमॉड फक्त यादी बनवतो. /लिब/मॉड्यूल्स/ खाली त्या कर्नलच्या नावाचं जे फोल्डर असतं, त्यातली प्रत्येक .केओ फाइल (म्हणजे मॉड्यूल) उघडून कोण कोणतं सिम्बॉल (फंक्शन किंवा व्हेरिएबलचं नाव) पुरवतं आणि कोणाला कोणतं लागतं हे तो पाहतो आणि मॉड्यूल्स.डेप, मॉड्यूल्स.अलियास, मॉड्यूल्स.सिम्बॉल्स, मॉड्यूल्स.सॉफ्टडेप अशा फाइल्स लिहितो. जी .केओ त्या फोल्डरात नाहीच, किंवा जी दुसऱ्याच कॉन्फिगवर (बिल्डच्या पर्यायांच्या निवडीवर) बांधलेली आहे, तिच्यापुढे यादीचा इलाज चालत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बिल्ड संपत येताना मॉडपोस्ट नावाचा प्रोग्रॅम प्रत्येक मॉड्यूलला लागणारं प्रत्येक सिम्बॉल कुठून तरी मिळतंय का हे तपासतो. मिळत नसेल तर ‘अनडिफाइन्ड’ म्हणून तिथेच बिल्ड थांबवतो. म्हणजे बिल्ड एररशिवाय पूर्ण झालं असेल, तर त्या बिल्डपुरती सगळी अवलंबित्वं जुळलेली होती. तरीही चालू मशीनवर सिम्बॉल सापडत नसेल, तर कर्नलच्या स्वतःच्या सोर्समधल्या मॉड्यूलबाबत कारण जवळपास नेहमी एकच निघतं: दोन वेगळ्या बिल्डचे तुकडे एकमेकांत मिसळलेत. इमेज (बूट होणारी मुख्य कर्नल फाइल) एका बिल्डची, .केओ दुसऱ्या बिल्डची, इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी तात्पुरती फाइलसिस्टिम) कदाचित तिसऱ्याच बिल्डचं. त्यामुळे कोड चाळत बसू नका. कोणता तुकडा कुठून आला ते शोधा.

सुरुवात चालू कर्नलपासून करा. ‘युनेम -आर’ नाव सांगतो, पण तेवढ्यावर विसंबू नका. ‘युनेम -व्ही’ बिल्डचा क्रमांक आणि तारीख दाखवतो, म्हणजे ‘#३ एसएमपी’ आणि पुढे वेळ. तुम्ही आज कंपाइल केलं आणि तिथे मागच्या आठवड्याची तारीख दिसत असेल, तर नवा कर्नल सुरूच झालेला नाही. याची ठरलेली कारणं म्हणजे /बूट हे वेगळं पार्टिशन असून इन्स्टॉल करताना ते माउंट नव्हतं, त्यामुळे नवी इमेज रूट फाइलसिस्टिमवरच्या रिकाम्या /बूट फोल्डरात जाऊन पडली. किंवा /बूट भरलेलं होतं आणि फाइल अर्धवट कॉपी झाली. किंवा बूटलोडरची नोंद अजून जुन्याच इमेजकडे बोट दाखवते. मॉड्यूल्स मात्र /लिब/मॉड्यूल्समध्ये नवी आली. नाव दोघांचं सारखं, बिल्ड वेगळं. ‘अननोन सिम्बॉल’ला याहून सोयीची परिस्थिती नाही.

नावातच फरक पडला असेल तर मात्र ‘नॉट फाउंड’ येतं, कारण मॉडप्रोब ‘युनेम -आर’च्या नावाचंच फोल्डर उघडतो. सोर्सच्या फोल्डरात ‘मेक -एस कर्नलरिलीज’ चालवा, त्याची ‘युनेम -आर’शी तुलना करा आणि मग ‘एलएस /लिब/मॉड्यूल्स’ पाहा. तिन्ही ठिकाणी अक्षर न् अक्षर तेच हवं. इथे बहुतेक जण शेवटच्या अधिकच्या चिन्हापाशी अडकतात. गिटमधून घेतलेल्या सोर्समध्ये टॅगच्या पुढे एखादी कमिट असली की नावाला ‘+’ चिकटतं. कॉन्फिग_लोकलव्हर्जन_ऑटो चालू असेल तर ‘-जी’ आणि कमिटचा हॅश जोडला जातो, बदल कमिट केलेले नसतील तर ‘-डर्टी’ही. पहिल्या बिल्डनंतर तुम्ही एक पॅच कमिट केलात, की पुढच्या बिल्डचं नाव बदललंच. हा त्रास नको असेल तर _ऑटो बंद करा, कॉन्फिग_लोकलव्हर्जनमध्ये स्वतःचा प्रत्यय द्या, जसं ‘-चाचणी’ऐवजी रोमन अक्षरांतला एखादा छोटा शब्द, आणि मेकला ‘लोकलव्हर्जन=’ असं रिकामं मूल्य द्या; मग ‘+’ येत नाही.

कंटेनरच्या आत बसून मॉडप्रोब चालवत असाल तर एवढंच लक्षात घ्या की कर्नल होस्टचा आहे आणि /लिब/मॉड्यूल्स कंटेनरचं. ते जुळणार नाहीच.

नाव जुळलं आणि फोल्डरही आहे, तरी ‘नॉट फाउंड’? मग यादी आणि फाइल्स यांची संख्या ताडून पाहा. फोल्डरातल्या .केओ फाइल्स ‘फाइंड’ने मोजा आणि मॉड्यूल्स.डेपच्या ओळी ‘डब्ल्यूसी -एल’ने मोजा. दर मॉड्यूलला एक ओळ असते, म्हणून आकडे जवळपास सारखे यायला हवेत. मॉड्यूल्स.डेप मुळातच नसेल तर इन्स्टॉल करतानाचे संदेश वर जाऊन पुन्हा वाचा: डेपमॉड सापडला नाही तर मेक फक्त एक वॉर्निंग छापतो, थांबत नाही. छोट्या बिल्ड सर्व्हरवर किंवा क्रॉस कंपाइल (दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी बिल्ड) करताना हे घडू शकतं. यादी आहे पण रिकामी किंवा अगदी तोकडी असेल, तर कॉम्प्रेशन तपासा. ५.१३ पासून मॉड्यूल्स झेडस्टँडर्डमध्ये कॉम्प्रेस करता येतात, आणि केमॉडला (मॉडप्रोब, डेपमॉड ज्यात येतात त्या पॅकेजला) ती वाचता येऊ लागली २८ व्या आवृत्तीपासून. त्याआधीचा केमॉड .केओ.झेडएसटी फाइल्सकडे ढुंकूनही पाहत नाही आणि तसं सांगतही नाही. ‘केमॉड --व्हर्जन’ चालवलं की खाली +एक्सझेड, -झेडएसटीडी अशी ओळ दिसते. उणे चिन्ह असलं तर केमॉड बदला किंवा कर्नलच्या कॉन्फिगमध्ये कॉम्प्रेशन बंद करा.

एक शक्यता अगदी साधी आहे. ज्याला तुम्ही मॉड्यूल समजता ते या वेळी कॉन्फिगमध्ये ‘एम’ (वेगळं मॉड्यूल) ऐवजी ‘वाय’ झालंय, म्हणजे कर्नलमध्येच बसलंय. ‘मॉडइन्फो’ त्याच्या फाइलनेमपुढे ‘बिल्टइन’ दाखवेल. तिथे काही बिघडलेलंच नाही.

आता ‘अननोन सिम्बॉल’. मॉडप्रोबची ओळ वाचून थांबू नका. त्याला कर्नलकडून फक्त एरर क्रमांक मिळतो आणि त्याचं तो एका सरधोपट वाक्यात भाषांतर करतो. खरी हकिकत डीमेसेजच्या (कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या आज्ञेच्या) शेवटच्या ओळींत असते: मॉड्यूलचं नाव, सिम्बॉलचं नाव आणि कंसात ‘एरर’ क्रमांक. त्या क्रमांकावर पुढची सगळी वाट ठरते.

क्रमांक -२ असेल तर सिम्बॉल कर्नलला सापडलंच नाही. (बऱ्याच जुन्या कर्नलमध्ये इथे ० दिसतो, अर्थ तोच.) पहिला प्रश्न: मॉड्यूल इन्समॉडने घातलं का? इन्समॉड अवलंबित्व पाहत नाही, दिलेली एकच फाइल कर्नलपुढे ठेवतो. व्हीएक्सलॅनचं मॉड्यूल असं थेट घातलं तर यूडीपी_टनेलची सिम्बॉल्स नसल्याने ते नाकारलं जाणारच. ‘मॉडइन्फो -एफ डिपेंड्स’ काय लागतं ते सांगतो आणि ‘मॉडप्रोब --शो-डिपेंड्स’ कोणत्या क्रमाने कोणती फाइल घातली जाईल ते दाखवतो. या दुसऱ्या आज्ञेचं उत्तर नीट वाचा, कारण त्यात फाइलचा पूर्ण पाथ असतो. पाथ कर्नल/ या उपफोल्डरातला असेल तर ठीक. अपडेट्स/ किंवा एक्स्ट्रा/ मधला असेल तर थांबा. ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ नवी मॉड्यूल्स टाकण्याआधी कर्नल/ हे उपफोल्डर पुसून काढतो, पण अपडेट्स/ आणि एक्स्ट्रा/ ना हात लावत नाही. आणि डेपमॉड मुळातच अपडेट्स/ ला प्राधान्य देतो. म्हणजे मागच्या बिल्डच्या वेळचं एखादं शिळं मॉड्यूल तिथे पडून असेल, तर नवं बाजूला राहून तेच उचललं जातं. असं शिळं मॉड्यूल आता ‘वाय’ झालेल्या ड्रायव्हरचं असेल तर डीमेसेजमध्ये ‘एक्सपोर्ट्स डुप्लिकेट सिम्बॉल’ आणि पुढे कंसात ‘ओन्ड बाय कर्नल’ अशी ओळ येते. शिळी फाइल हलवा, मग डेपमॉड चालवा. इथे मात्र डेपमॉड खरंच औषध आहे.

इन्समॉड नाही, शिळी फाइलही नाही, तर सोर्सच्या फोल्डरातली मॉड्यूल.सिमव्हर्स उघडा. लोक ही फाइल फारशी उघडत नाहीत, पण इतकं नेमकं उत्तर दुसरीकडे मिळत नाही. तिच्या प्रत्येक ओळीत सीआरसी (तपासणीचा आकडा), सिम्बॉलचं नाव, ते कोण पुरवतं आणि एक्सपोर्टचा (सिम्बॉल मॉड्यूल्सना खुलं करण्याचा) प्रकार असतो. डीमेसेजमधलं सिम्बॉल ‘ग्रेप -डब्ल्यू’ने त्यात शोधा. तिसऱ्या रकान्यात एखाद्या मॉड्यूलचा पाथ आला, तर ते मॉड्यूल इन्स्टॉल झालंय का ते बघा. ‘व्हीएमलिनक्स’ आलं, तर सिम्बॉल मुख्य इमेजमध्ये असायला हवं; तुमच्या चालू इमेजमध्ये ते नाही, म्हणजे इमेज जुनी आहे. हे कसं होतं? ‘फक्त एक ड्रायव्हर हवा होता’ म्हणून मेनूकॉन्फिगमध्ये तो ‘एम’ केला, ‘मेक मॉड्यूल्स’ आणि ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ केलं, इमेज तशीच ठेवली. पण त्या ड्रायव्हरने ‘सिलेक्ट’च्या वाटेने आणखी दोन पर्याय चालू केले, त्यातला एक मदतनीस कोड इमेजमध्ये बसणारा होता. मॉड्यूल नवं, इमेज जुनी. नवा ड्रायव्हर घेतला की पूर्ण ‘मेक’, मॉड्यूल्स, इमेज, रीबूट, हाच क्रम ठेवा. दहा मिनिटं वाचवायला जाऊन संध्याकाळ घालवण्यात अर्थ नाही.

सिम्बॉल मॉड्यूल.सिमव्हर्समध्येच नसेल तर मॉड्यूल बहुधा बाहेरचं, म्हणजे कर्नलच्या सोर्समध्ये नसलेलं आहे. तिथे तीन शक्यता. एक, ते सिम्बॉल आता एक्सपोर्ट होत नाही, ‘कॉलसिम्स_लुकअप_नेम’ ५.७ मध्ये असंच काढून घेतलं आणि बरीच बाहेरची मॉड्यूल्स अडली. दोन, कॉन्फिग_ट्रिम_अनयूज्ड_केसिम्स चालू आहे. हा पर्याय सोर्समधलं कोणतंच मॉड्यूल वापरत नाही असे एक्सपोर्ट छाटून टाकतो, आणि बाहेरच्या मॉड्यूलला नेमके तेच लागतात. बाहेरची मॉड्यूल्स वापरायची असतील तर तो बंदच ठेवा. तीन, संबंधित पर्याय कॉन्फिगमध्ये बंद आहे. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ वापरलं असेल तर इथे थांबून विचार करा: त्या क्षणी एलएसमॉडमध्ये (चढलेल्या मॉड्यूल्सच्या यादीत) जी मॉड्यूल्स दिसत होती तेवढीच तो ठेवतो. तेव्हा न जोडलेला यूएसबी सिरियल अडॅप्टर, न सुरू केलेला व्हीपीएन, न वापरलेली फायरवॉलची जुळणी, सगळं गळतं.

आणखी एक चकवा आहे. सिम्बॉल /प्रॉक/कॉलसिम्समध्ये (चालू कर्नलच्या सिम्बॉल्सच्या यादीत) दिसतं, तरी क्रमांक -२ येतो. कॉलसिम्समध्ये दिसणं आणि एक्सपोर्ट असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय सिम्बॉल एक्सपोर्ट_सिम्बॉल_जीपीएलने दिलेलं असेल आणि मॉड्यूलचा परवाना जीपीएलशी सुसंगत नसेल, तर कर्नल त्याला ते सिम्बॉल दाखवतच नाही. उत्तर तेच ‘अननोन’. मॉड्यूल.सिमव्हर्सचा चौथा रकाना पाहिला की हे उलगडतं.

क्रमांक -२२ असेल तर गोष्ट वेगळी. सिम्बॉल आहे, पण जुळत नाही. त्याच्या वरच्या ओळीत ‘डिसअग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिम्बॉल’ असतं. कॉन्फिग_मॉडव्हर्जन्स चालू असताना प्रत्येक एक्सपोर्टच्या व्याख्येवरून, त्यात वापरलेल्या स्ट्रक्चर्ससकट, सीआरसी काढला जातो; मॉड्यूलमध्ये नोंदलेला सीआरसी आणि कर्नलमधला सीआरसी वेगळा निघाला की दार बंद. तक्रार ‘मॉड्यूल_लेआउट’ या सिम्बॉलबद्दल असेल तर बाकी काही शोधू नका: मूलभूत स्ट्रक्चरच वेगळं आहे, म्हणजे दोन्ही बिल्डच्या कॉन्फिगमध्ये ठळक फरक आहे. (५.४ पासून सिम्बॉल्सना नेमस्पेस, म्हणजे स्वतंत्र नावाचा गट, देता येते; मॉड्यूलने ती इम्पोर्ट केलेली नसेल तरीही -२२ येऊ शकतो, मात्र डीमेसेजमध्ये नेमस्पेसचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं.)

‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ किंवा ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ याच कुळातला. डीमेसेजमध्ये ‘व्हर्जन मॅजिक अमुक, शुड बी तमुक’ अशी ओळ दिसते. व्हरमॅजिकमध्ये कर्नलचं पूर्ण नाव, एसएमपी, प्रीएम्प्ट, मॉड_अनलोड, मॉडव्हर्जन्स असे शब्द असतात. दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून शब्दाशब्दाने ताडा. फरक फक्त नावात असेल तर प्रत्यय चुकलाय. ‘प्रीएम्प्ट’ किंवा ‘एसएमपी’ एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, तर कॉन्फिग वेगळं आहे. मॉडव्हर्जन्स दोन्हीकडे असेल तर कर्नल नावाचा पहिला शब्द सोडून देतो आणि सीआरसीवर भिस्त ठेवतो, म्हणून काही मॉड्यूल्स नावात फरक असूनही चालतात आणि गोंधळात भर घालतात.

‘मॉडप्रोब --फोर्स’चा मोह होतो. ते व्हरमॅजिक आणि सीआरसी दोन्ही तपासण्या बाजूला ठेवतं, कर्नलवर ‘टेंटेड’ असा डाग लावतं, आणि स्ट्रक्चरमधलं एखादं फील्ड आठ बाइट सरकलेलं असेल तर मेमरीत भलतीकडे लिहितं. फाइलसिस्टिमच्या मॉड्यूलवर हे करणं म्हणजे डेटावर पाणी सोडणं.

बाहेरच्या मॉड्यूल्सबद्दल थोडं सविस्तर, कारण खऱ्या अर्थाने अवघड तक्रारी तिथूनच येतात. त्यांचं बिल्ड /लिब/मॉड्यूल्समधल्या ‘बिल्ड’ या दुव्याने सोर्सकडे जातं. दुवा कुठे जातो ते ‘रीडलिंक -एफ’ने तपासा. सोर्सचं फोल्डर हलवलं, पुसलं किंवा त्यात दुसरं कॉन्फिग चढवलं, तर मॉड्यूल दुसऱ्याच कर्नलसाठी बांधलं जातं. जागा वाचवायला म्हणून फक्त ‘मेक मॉड्यूल्स_प्रिपेअर’ करून बाहेरचं मॉड्यूल बांधलं, तर मॉड्यूल.सिमव्हर्स तयारच होत नाही. मॉडव्हर्जन्स चालू असेल तर सीआरसी मिळत नाहीत आणि मॉड्यूल पुढे नाकारलं जातं. पूर्ण बिल्ड एकदा करावंच लागतं. एक बाहेरचं मॉड्यूल दुसऱ्या बाहेरच्या मॉड्यूलवर अवलंबून असेल, तर पहिल्याच्या मेकला ‘केबिल्ड_एक्स्ट्रा_सिम्बॉल्स’ने दुसऱ्याच्या मॉड्यूल.सिमव्हर्सचा पूर्ण पाथ द्या. डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी बाहेरची मॉड्यूल्स पुन्हा बांधणारं साधन) वापरत असाल तर ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये चालू कर्नलसमोर ‘इन्स्टॉल्ड’ आहे का पाहा. नसेल तर /व्हार/लिब/डीकेएमएस खाली त्या मॉड्यूलच्या फोल्डरात मेक.लॉग असतो. त्यातली पहिली एरर वाचा. खालच्या तिच्याच पिलावळीकडे लक्ष देऊ नका.

‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ हे अवलंबित्वाचं दुखणं नाही, सहीचं आहे. ‘मेक एमआरप्रॉपर’ने (सोर्सचं फोल्डर पूर्ण साफ करणाऱ्या आज्ञेने) सर्ट्स/ मधली आपोआप तयार झालेली सहीची किल्लीही जाते आणि पुढच्या बिल्डला नवी बनते, जुन्या किल्लीने सही केलेली मॉड्यूल्स मग बाद. सही झाल्यावर हाताने ‘स्ट्रिप’ केलं तरीही सही जाते. आकार कमी करायचा असेल तर ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१’ देऊन मॉड्यूल्स_इन्स्टॉल करा, त्यात स्ट्रिप आधी आणि सही नंतर होते.

बूट होतानाच रूट फाइलसिस्टिम सापडत नसेल तर इनिटरॅमएफएस पाहा. त्यात मॉड्यूल्सची आणि यादीची स्वतंत्र प्रत असते. तुम्ही डिस्कवरचं सगळं दुरुस्त केलं तरी आतली प्रत जुनीच राहते. म्हणून आधी मॉड्यूल्स_इन्स्टॉल, मग ‘मेक इन्स्टॉल’. उलटं केलं तर इनिटरॅमएफएस रिकाम्या फोल्डरावरून बनतं. हाताने दुरुस्ती केल्यावर आधी डेपमॉड, नंतर डिस्ट्रिब्युशननुसार अपडेट-इनिटरॅमएफएस, ड्रॅकट किंवा एमकेइनिटसीपीआयओ, आणि प्रत्येक वेळी कर्नलचं नाव स्पष्ट द्या, नाहीतर भलत्याच कर्नलचं बनू शकतं. आत काय गेलं ते एलएसइनिटरॅमएफएस, एलएसइनिटआरडी किंवा एलएसइनिटसीपीआयओने दिसतं.

मॉड्यूल्स.डेपमध्ये कधीच न दिसणारी अवलंबित्वंही असतात, आणि ती मॉडपोस्टच्याही नजरेतून सुटतात. व्हीफॅट फाइलसिस्टिम चालू आहे, मॉड्यूल चढतंय, पण ईएफआय पार्टिशन माउंट होत नाही आणि डीमेसेज म्हणतो ‘कोडपेज सीपी४३७ नॉट फाउंड’ किंवा ‘आयओ कॅरसेट आयएसओ८८५९-१ नॉट फाउंड’. ही एनएलएसची (अक्षरसंचांची) मॉड्यूल्स सिम्बॉलने जोडलेली नाहीत, कर्नल ती नावाने ऐनवेळी मागवतो. कॉन्फिग_एनएलएस_कोडपेज_४३७ आणि कॉन्फिग_एनएलएस_आयएसओ८८५९_१ चालू करा. सॉफ्टडेप (सिम्बॉलविना, फक्त नोंदवलेलं अवलंबित्व) हाही असाच प्रकार: ‘मॉडइन्फो -एफ सॉफ्टडेप’ पाहा. ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड... फेल्ड विथ एरर -२’ या ओळीतही -२ असतो, पण तिथे फर्मवेअरची फाइल नाही एवढाच अर्थ.

हे सगळं पाहूनही घोळ सुटत नसेल तर स्वच्छ बिल्ड करा. .कॉन्फिगची प्रत बाहेर ठेवा, कारण एमआरप्रॉपर तीही पुसतो. मग एमआरप्रॉपर, .कॉन्फिग परत, ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’, लोकलव्हर्जनमध्ये आधी कधी न वापरलेला प्रत्यय, पूर्ण मेक, मॉड्यूल्स_इन्स्टॉल, इन्स्टॉल, रीबूट. नवा प्रत्यय का, तर नवं फोल्डर तयार होतं, जुनं अबाधित राहतं आणि चालू कर्नलच्या पायाखालून त्याची मॉड्यूल्स बदलली जात नाहीत. रीबूटआधी ‘डेपमॉड -ई -एफ’ ला नवी सिस्टिम.मॅप आणि कर्नलचं नाव देऊन चालवा. न सुटलेली सिम्बॉल्स तो तिथेच छापतो. ‘सायकल डिटेक्टेड’ आलं तर दोन मॉड्यूल्स एकमेकांवर अवलंबून आहेत. ती बाहेरची असतील तर सामाईक कोड तिसऱ्या मॉड्यूलमध्ये काढावा लागतो.

दुसऱ्या मशीनवर न्यायचं असेल आणि ‘इन्स्टॉल_मॉड_पाथ’ने वेगळ्या फोल्डरात काढलेलं टारने उलगडणार असाल, तर आधी त्या मशीनवर /लिब हा /यूएसआर/लिबचा दुवा आहे का ते पाहा. असेल तर टारला ‘--कीप-डिरेक्टरी-सिमलिंक’ द्या. नाहीतर टार तो दुवा काढून त्या जागी फक्त मॉड्यूल्स असलेलं खरं फोल्डर ठेवतं, आणि त्यानंतर साधं एलएससुद्धा चालत नाही.